धडधड, धाकधूक, दडपण: ‘नर्व्हस’ वाटण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवलं, आणि गावच्या नाटकांना वीसेक वर्षं विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंग केलं. पडदा उघडण्याआधीचा माणूस मी फार जवळून पाहिला आहे. म्हणूनच बहुतेक, घाबरण्याबद्दलचे प्रश्न लोक मला आणून विचारतात. वक्तृत्वाला उभ्या राहणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, भजनी मंडळातले गायक विचारतात, मुलाखतीला निघालेल्या मुली विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. डॉक्टरकडे कधी जायचं ते प्रश्न १४ आणि १५ मध्ये आहे. ज्यांना त्रास जास्त आहे त्यांनी आधी तेच वाचावं.

१. ‘नर्व्हस’ म्हणजे नेमकं काय? भीती, चिंता, टेन्शन हे सगळं एकच ना?

एकच नाही, आणि बराच घोळ इथूनच सुरू होतो. परसात साप दिसला की वाटते ती भीती. साप गेला की तीही ओसरते. पुढे कधीतरी काहीतरी वाईट होईल या विचाराने दिवसेंदिवस मन पोखरलं जातं, ती चिंता. नर्व्हस वाटणं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतं. एखादं ठरलेलं काम अगदी जवळ आलेलं असतं, ते आपल्याला महत्त्वाचं असतं, जमेल याची खात्री नसते, आणि बहुतेक वेळा कोणीतरी बघणार असतं.

आपण गोव्यात या सगळ्यालाच ‘टेन्शन’ म्हणून मोकळे होतो. पण मराठीत याला नेमके शब्द आहेत, आणि ते वापरावेत असं मला मनापासून वाटतं. निकालाची वाट पाहताना असते ती धाकधूक. घरच्यांच्या अपेक्षांचं असतं ते दडपण. अनोळखी माणसांत मूल बुजतं. चारी बाजूंनी प्रश्न आले की माणूस भांबावतो. एकदा वाईट अनुभव आला आणि तो आत रुतून बसला, की तो धसका. कारण सापडत नाही आणि जीव कशातच लागत नाही, ती हुरहुर. शब्द नेमका सापडला की पुढचं पाऊलही दिसायला लागतं. दडपण असेल तर घरच्यांशी बोलावं लागतं. बुजणं सवयीने जातं. धसका बसला असेल तर त्याच जागी थोडं थोडं पुन्हा जावं लागतं. तिघांनाही ‘टेन्शन घेऊ नको’ एवढंच सांगितलं तर एकालाही उपयोग होत नाही.

मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. घाबरलेल्या, रागावलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं पाहताना त्या भावनेला शब्द दिला, की पाहणाऱ्याच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होत होती. भीतीसारख्या भावना उठतात त्यात या भागाचा मोठा वाटा असतो.

२. छाती धडधडते, हात गार पडतात, तोंडाला कोरड पडते. हे सगळं एकदम कसं होतं?

एकाच ठिकाणाहून हुकूम सुटतो म्हणून. मेंदूला धोका किंवा कसोटी जाणवली की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात चालू लागतं, कारण मोठ्या स्नायूंना रक्त हवं असतं. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून बोटं गार पडतात आणि चेहरा पांढरा होतो. पचनाचं काम बाजूला ठेवलं जातं, म्हणून लाळ सुकते आणि पोटात गोळा येतो. स्नायू ताणलेले राहतात, म्हणून पाय लटपटतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली याचं वर्णन ‘लढा किंवा पळा’ असं केलं. आपल्याला लढायचंही नसतं आणि पळायचंही नसतं. चार शब्द बोलायचे असतात. पण शरीराला तेवढा बारकावा कळत नाही.

नाटकवाल्यांना ही यादी जुनीच आहे. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे जागीच थिजणं, घाम, काटा, आवाज फाटणं, कापरं, रंग उडणं, डोळ्यांत पाणी आणि शुद्ध हरपणं. रंगमंचावर हे आणायला नटाला साधना करावी लागते. रंगपटात मात्र यातले पाच-सहा भाव मी रोज आपोआप उमटताना पाहिले आहेत.

३. स्टेजवर जायच्या आधी सारखं बाथरूमला का लागतं?

वरच्याच कारणाने. आतड्यांना आणि मूत्राशयाला मज्जातंतूंचं दाट जाळं जोडलेलं आहे, त्यामुळे मनातली खळबळ तिथे लगेच पोचते. हे अगदी नेहमीचं आहे, लाजू नका. निघण्याआधी हलकं खा, तळलेलं टाळा आणि पाणी घोट घोट प्या.

४. नर्व्हस होणारा माणूस मनाने कमकुवत असतो का?

नाही. ज्याला त्या कामाची पर्वा आहे तो नर्व्हस होतो. काहींची प्रकृती जन्मतःच जास्त हळवी असते, काहींना लहानपणी चारचौघांत ऐकून घ्यावं लागलेलं असतं. त्यात दोष शोधण्यासारखं काही नाही.

५. थोडी धाकधूक असलेली चांगली, असं म्हणतात. ते खरं आहे का?

कामावर अवलंबून आहे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांचा १९०८ सालचा एक जुना प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो, पण बहुतेक वेळा अर्धाच. उंदरांना काळी आणि पांढरी पेटी ओळखायला शिकवलं होतं, चुकलं की विजेचा झटका. फरक ओळखायला सोपा होता तेव्हा झटका जोराचा असला तरी उंदीर पटापट शिकले. फरक बारीक केला तेव्हा जोराच्या झटक्याने शिकणं मंदावलं, मध्यम झटका सगळ्यात उपयोगी ठरला. उंदरांवरून माणसांबद्दल सगळं ठरवता येत नाही, तरी माझ्या अनुभवाशी हे जुळतं. गणपतीच्या चवथीच्या दिवसांत घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरतीला बसलेल्या मुलाला कितीही धडधड होऊ द्या, आरती लहानपणापासून अंगात मुरलेली असते आणि जोश वाढतोच. तोच मुलगा भजन स्पर्धेत महिन्यापूर्वी घेतलेला नवा अभंग म्हणायला बसला, तर तेवढीच धडधड त्याची लय घालवते.

म्हणून मी सांगते, नवी आणि कठीण गोष्ट पहिल्यांदा मोठ्या कार्यक्रमात करू नका. आधी ती चार घरच्या माणसांसमोर झालेली असू द्या.

६. पडदा उघडायला पाच मिनिटं आहेत. आता काय करू?

आधी एक प्रसंग सांगते. देवळातल्या काल्याच्या उत्सवाचं नाटक होतं, देवळामागची खोली, पत्र्याच्या ट्रंका, स्पिरिट गमचा वास. राजाचं काम करणारा गृहस्थ दिवसा दुकान चालवणारा, गिऱ्हाइकांशी अखंड बोलणारा. आरशासमोर बसला होता आणि त्याचा वरचा ओठ इतका थरथरत होता की गमाने चिकटवलेली मिशी डाव्या टोकाला सारखी सुटत होती. रंगभूषा करणाऱ्याने ती तीनदा अंगठ्याने दाबली. आजूबाजूचे सगळे त्याला सांगत होते, ‘अरे, शांत हो.’ दर वेळी तो मान हलवायचा आणि मिशी पुन्हा सुटायची. मी वही घेऊन शेजारी बसले आणि म्हटलं, तुमचं पहिलं वाक्य माझ्या कानात सांगा. त्याने सांगितलं. पुन्हा सांगा म्हटलं. तिसऱ्या वेळेला आवाज खाली बसला. मिशीही राहिली.

त्यावरून मी जे शिकले ते असं. शांत व्हायचा हट्ट धरू नका. ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाण्याआधी किंवा भाषणाआधी ज्यांनी स्वतःशी ‘मला हुरूप आलाय’ अशा अर्थाचं वाक्य म्हटलं, त्यांची कामगिरी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. धडधड दोन्हीकडे सारखीच असते, म्हणून हुरुपाकडे वळणं शरीराला सोपं जातं. शांततेकडे जायचं तर गाडी एकदम थांबवावी लागते.

दुसरं, श्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असे आठ-दहा. बाहेर सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, म्हणून सोडणं लांबवायचं. मोठमोठे श्वास भराभर घेऊ नका, त्याने चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात.

तिसरं, पहिली दोन वाक्यं झोपेतून उठवलं तरी यावीत इतकी पाठ हवीत. बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं. सुरुवात एकदा जिभेवर बसली की पुढचं तिच्यामागून येतं.

आणि जमलं तर आधी जाऊन ती जागा पाहून या. गावचा मांडव असो की पणजीच्या कला अकादमीचं नाट्यगृह, रिकाम्या खुर्च्यांसमोर एकदा उभं राहून चार शब्द मोठ्याने बोललं की रात्री ती जागा परकी वाटत नाही.

७. मध्येच वाक्य विसरलो तर?

थांबा. शेवटचं बोललेलं वाक्य पुन्हा म्हणा. बहुतेक वेळा पुढचं त्याच्या शेपटीला धरून येतं. तरी आलं नाही तर पाण्याचा घोट घ्या आणि पुढच्या मुद्द्यावर जा. तुमचं भाषण कोणाकडे लिहिलेलं नसतं. तुम्हाला ती शांतता फार लांब वाटते, ऐकणाऱ्याला तो साधा विराम वाटतो.

विंगेतून वाक्य देणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पूर्ण वाक्य ओरडून देऊ नका. पहिले दोन शब्द द्या, हळू पण स्वच्छ, आणि नट श्वास घेत असताना द्या. घाबरलेल्या माणसाला सहा शब्द पकडता येत नाहीत, दोन येतात.

८. माझी थरथर सगळ्यांना दिसते असं वाटतं. खरंच दिसते का?

तुम्हाला वाटते त्यापेक्षा खूप कमी. आपली धडधड आपल्याला आतून ऐकू येते, म्हणून ती बाहेरही ऐकू जात असेल असं वाटतं. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच यांचा २००३ सालचा अभ्यास नेमका यावर आहे. भाषणाआधी ज्यांना ‘तुमची अस्वस्थता इतरांना तेवढी दिसत नाही’ हे समजावून सांगितलं, त्यांची भाषणं अधिक चांगली झाली. आता हे तुम्हालाही माहीत झालं.

दिसते ती फक्त कागदाची थरथर. पातळ कागद बोटाचं कापरं दहापट मोठं करून दाखवतो. टिपणं पुठ्ठ्यावर चिकटवा, किंवा वही मेजावर ठेवा. माईक हातात असेल तर कोपर अंगाला टेकवा.

९. मुलगी घरी घडाघडा बोलते, शाळेत तोंड उघडत नाही. काय करावं?

आधी एक बघा, हे कधीपासून आहे? आपल्याकडे मराठी किंवा कोंकणी माध्यमातून चौथी झाली की बहुतेक मुलं पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जातात. चौथीपर्यंत वर्गात पहिला हात वर करणारी मुलगी पाचवीत गप्प होते. तिला उत्तर येत असतं, पण ते इंग्रजीत बांधेपर्यंत दुसऱ्याने सांगून टाकलेलं असतं. याला मी लाजाळूपणा म्हणत नाही. ती भांबावलेली असते, आणि तिला वेळ हवा असतो. पाचवीला शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, पहिले काही महिने उत्तर मराठीत किंवा कोंकणीत आलं तरी ते उत्तर म्हणून घ्या, मग त्याचं इंग्रजी दोघांनी मिळून करा. घरी पालकांनी ‘तुला इंग्लिश येतच नाही’ हे वाक्य काढूच नये.

पण भाषेचा प्रश्न नसताना, घरी नीट बोलणारं मूल शाळेत महिन्याहून जास्त काळ एक शब्दही बोलत नसेल, तर ते वेगळं आहे. शाळेचा पहिला महिना यात धरायचा नाही. याला निवडक मौन म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. जितक्या लवकर दाखवाल तितकं बरं. जबरदस्तीने बोलायला लावू नका. कुठे जायचं ते प्रश्न १४ मध्ये आहे.

१०. ‘घाबरू नको’ म्हटलं की मुलगा जास्तच घाबरतो. मग म्हणायचं काय?

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीला मी वक्तृत्वासाठी तयार केलं होतं. तिचं नाव पुकारलं आणि ती जागची हलेना. हातातल्या कागदाचे कोपरे घामाने मऊ होऊन दुमडले होते, आणि ती ते अंगठ्याने पुन्हा पुन्हा सरळ करत होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘घाबरतेस काय एवढी?’ ती गेली, बोलली, बक्षीसही मिळालं. पण त्यानंतर ती कधीच मंचावर चढली नाही. तिला बोलायची भीती होतीच, त्यात घाबरल्याची लाज मी घातली. ती लाज मला आजही बोचते.

आता मी विचारते, ‘पोटात गोळा आलाय का गं? माझ्याही येतो. पहिलं वाक्य म्हण बघू.’ आधी जे वाटतंय ते खरं मानायचं, मग हाताला लगेच करण्यासारखं एक लहान काम द्यायचं.

आपल्या गोव्यात याची एक सुंदर आख्यायिका आहे. कांदोळीला १७५६ साली जन्मलेले आबे फारिया तरुणपणी पोर्तुगालच्या राजदरबारातल्या चॅपलमध्ये प्रवचनाला उभे राहिले, आणि समोरची बडी मंडळी पाहून त्यांची वाचाच बसली. जवळ असलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीत म्हटलं, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’ आणि मुलगा बोलू लागला. लोक या गोष्टीतून श्रोत्यांना भाजीपाला समजायचा धडा घेतात. मला वाटतं खरी ताकद वेगळीकडे आहे. परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या माणसांपुढे उभ्या असलेल्या मुलाच्या कानात घरची भाषा पडली, तीही स्वयंपाकघरातली. पुढे याच फारियांनी संमोहनाचा अभ्यास केला. शब्द आणि सूचना ऐकणाऱ्याच्या मनावर काम करतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे, हात पुढे पसरलेला. तिथून जाताना मला दर वेळी ती भाजी आठवते.

११. परीक्षेच्या हॉलमध्ये गेलं की सगळं विसरायला होतं. दहावी-बारावीच्या मुलांनी काय करावं?

सगळं विसरत नाही, पोचता येत नाही. डोक्यातली कामाची जागा काळजीने अडवलेली असते. जेरार्डो रामिरेझ आणि सियन बायलॉक यांनी २०११ साली दाखवलं, की परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं आपल्या काळजीबद्दल मोकळेपणाने लिहून काढलं, तर फार घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारतात. घरून निघण्याआधी एका रफ कागदावर जे मनात आहे ते लिहा, ‘नापास झाले तर पपा काय म्हणतील’ हेही लिहा, आणि फाडून टाका. शुद्धलेखन बघू नका.

पेपर हातात आला की आधी येणारा प्रश्न सोडवा, क्रमाने जायची गरज नाही. श्वासाचं प्रश्न ६ मध्ये आहे, चहा-कॉफीचं खाली १३ मध्ये. आदल्या रात्री जागू नका. पालकांनी केंद्राबाहेर ‘कसा गेला?’ विचारून त्याच पेपराची पुन्हा उजळणी करू नये. दुसऱ्या पेपराला बसायचं असतं.

१२. मुलाखतीत समोरच्याने भाषा बदलली की मी गडबडते. मराठीत शिकले, घरी कोंकणी, प्रश्न इंग्रजीत. काय करू?

हा प्रश्न गोव्याचाच आहे आणि मला तो फार जवळचा वाटतो. इथल्या सरकारी नोकऱ्यांच्या जाहिरातींत कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट असं लिहिलेलं असतं, मुलाखत बऱ्याचदा इंग्रजीत सुरू होते आणि मध्येच कोणीतरी कोंकणीत विचारतं. तीन भाषा येणारी मुलगी त्या क्षणी स्वतःला एकही येत नाही असं समजते.

तयारी अशी करा. तुमची ओळख, शिक्षण, हीच नोकरी का, या तीन गोष्टी तिन्ही भाषांत मोठ्याने बोलून बघा, आरशासमोर नको, माणसासमोर. अडलंच तर ‘मी हे कोंकणीत सांगितलं तर चालेल का?’ हे विचारायला कमीपणा मानू नका. अतिशय नम्रपणे, सरळ डोळ्यांत बघून विचारा. नाही म्हणाले तरी तुम्हाला तेवढा श्वास मिळतो. घरून निघताना जवळच्या माणसाशी आपल्या भाषेत दोन शब्द बोला. का, ते वर भाजीच्या गोष्टीत आहे.

१३. चहा-कॉफीने तरतरी येते. आणि काही जण दोन घोट घेऊन स्टेजवर जातात. चालतं का?

कॉफीतलं कॅफिन नेमकी तीच धडधड वाढवतं जी तुम्हाला कमी करायची आहे, आणि चार-पाच तासांनीही त्यातलं जवळजवळ निम्मं अंगात असतं. रोजची सवय असेल तर नेहमीचा एक कप घ्या, बंद केलात तर डोकं दुखेल. त्या दिवशी जास्तीचे दोन नकोत.

दारूबद्दल मी स्पष्टच बोलते, कारण आपल्याकडे फेणी-हुर्राक घरातली वस्तू आहे आणि ‘धीर येतो’ हे कारण सर्रास दिलं जातं. धीर येत नाही, जाणीव बोथट होते. पाठांतर, ताल आणि जीभ तिन्ही घसरतात, आणि उतरली की अस्वस्थता आधीपेक्षा जास्त असते. मग पुढच्या वेळी थोडी जास्त लागते. चांगले गळे असे वाया गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या घरच्या बायकांचे चेहरेही पाहिले आहेत.

१४. साधी घबराट कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो? गोव्यात कोणाकडे जायचं?

कारण संपलं की घबराट संपायला हवी. पेपर झाला, प्रयोग झाला, लग्न ठरलं, तरी मन सुटत नसेल तर लक्ष द्या. सहा महिने बहुतेक दिवस कशाचीतरी काळजी लागून राहणं, झोप उडणं, अंग सतत आखडलेलं असणं, चिडचिड, ही चिंताविकाराची लक्षणं आहेत. अचानक छाती धडधडून, श्वास कोंडून ‘आता मी मरतो’ असं वाटणं, काही मिनिटांत ते शिगेला पोचून मग ओसरणं, हा पॅनिकचा झटका असू शकतो. आणि तिसरी खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: घाबरून तुम्ही आयुष्य लहान करायला लागला आहात का? कदंब बसने जाणं सोडलं, लग्नकार्यं सोडली, फोन उचलणं सोडलं, असं काही?

बांबोळीला मनोरुग्ण आणि मानवी वर्तन संस्था आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. तिचं नाव काढलं की अजूनही लोक आवाज खाली करतात. कृपा करून करू नका. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि अनेक भारतीय भाषांत आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून गोव्यात याच क्षेत्रात काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत केलेला मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, आणि प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं समुपदेशन करून औदासीन्य आणि चिंताविकार असलेल्यांना बरं व्हायला मदत करू शकतात हे त्यात दिसलं. म्हणजे उपाय आहेत, आणि ते आपल्याच गावात तपासलेले आहेत.

जगणं नको असे विचार येत असतील तर वाट पाहू नका. आजच घरच्या कोणाला तरी सांगा आणि १४४१६ लावा.

१५. छातीत धडधडतं ते घाबरल्यामुळे की हार्टचं, कसं ओळखायचं?

घरी बसून ओळखायचा प्रयत्न करू नका. छातीवर दाबल्यासारखं होणं, दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, थंड घाम, दम लागणं, विशेषतः चाळिशीनंतर किंवा मधुमेह असेल तर, सरळ १०८ ला फोन करा. तपासणीत घबराट निघाली तर उत्तमच.

कारण नसताना सारखी धडधड आणि हात थरथरत असतील तर थायरॉइड, रक्तातलं लोह आणि साखर तपासून घ्या. माझ्या ओळखीच्या एका बाईंना वर्षभर ‘तुम्ही फार टेन्शन घेता’ असं सगळे ऐकवत होते. निघाला थायरॉइड.

१६. धडधड थांबवायची गोळी मिळते म्हणतात. भाषणाआधी घेऊ का?

तुम्ही ऐकलेली गोळी बहुतेक प्रोप्रॅनोलॉल. ती ॲड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम अडवते, त्यामुळे धडधड आणि कापरं कमी होतं. मनातल्या विचारांना ती हात लावत नाही. दम्याच्या माणसाला ती धोकादायक ठरू शकते, मधुमेहात साखर उतरल्याची खूण ती झाकून टाकते. डॉक्टरने तपासून लिहून दिली तरच, आणि कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा कधीच नाही. मैत्रिणीच्या पर्समधली तर मुळीच नको. झोपेच्या गोळ्यांचंही तेच.

१७. देवाला गाऱ्हाणं घातलं, कौल घेतला की मला बरं वाटतं. डॉक्टर हसतील का?

चांगला डॉक्टर हसणार नाही. गाऱ्हाण्यात भटजी किंवा घरातलं वडील माणूस तुमचं नाव घेऊन, तुमची अडचण मोठ्याने, सगळ्यांसमोर शब्दांत मांडतं. मनातली गोष्ट उच्चारली जाते, आणि ती ऐकायला माणसं उभी असतात. मी प्रश्न १ मध्ये जे सांगितलं त्याचं हे किती जुनं रूप आहे! आईने दृष्ट काढली तरी मुलाचे खांदे खाली येतात, ते मी बघितलंय.

एकच सांगते. चालू असलेलं औषध कौल मिळाला म्हणून बंद करू नका. आणि अभ्यासाला बसायच्या आधी अमुक वेळा हात धुतल्याशिवाय, अमुक वेळा नमस्कार केल्याशिवाय चैनच पडत नाही, तासन्‌तास जातात, अशी वेळ आली असेल तर प्रश्न १४ कडे वळा. ती श्रद्धा उरलेली नसते, तो सक्तीचा विकार असू शकतो.

१८. चाळीस वर्षं भजन करतो. अजूनही बैठकीआधी हात कापतो. हे कधी जाणार?

कदाचित जाणार नाही. कमी होतं, लवकर उतरतं, ओळखीचं होतं. आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे एक काका आहेत, वयाची सत्तरी ओलांडलेले. बैठकीआधी ते एका कोपऱ्यात बसून पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. ती थोडी थोडी लावायची, बोटाने पसरायची, थाप मारून नाद बघायचा, जास्त झाली तर काढायची. शेजारी बसलं तर दिसतं, पहिला गोळा हातात घेताना बोटं चांगलीच थरथरत असतात. तेव्हा ते कोणाशी बोलत नाहीत, आणि आम्हीही त्यांना हाक मारत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘बाई, कणीक बसेपर्यंत असतं. पहिल्या थापेनंतर बघायला सवड कुणाला?’